शनिवारची शेवटची गाडी

१८४१ सालच्या जुलै महिन्याच्या पांच तारखेस इंग्लंडमधील लेस्टर शहराहून लफबरो या गांवीं एक खास आगगाडी गेली. अंतर अवघें अकरा मैलांचें; भाडें माणशीं एक शिलिंग; उतारू सुमारें पांचशें. ही गाडी ठरविणारा टॉमस कुक हा लांकडी सामान तयार करणारा एक कारागीर आणि मद्यपाननिषेधाचा निस्सीम प्रचारक होता. लफबरो येथील मद्यपानविरोधी सभेस मंडळींना घेऊन जाण्यासाठीं त्यानें रेल्वे कंपनीशीं बोलणें केलें, आणि त्या एका फेरीच्या यशांतूनच पुढें त्याचा जगप्रसिद्ध प्रवासव्यवसाय उभा राहिला. स्वस्त दरानें, जमावानें सहलीस जाण्याची चाल इंग्लंडांत रूढ झाली, तिच्या आरंभींच्या काळांत दारू न पिणाऱ्यांची ही गाडी उभी आहे. पुढें मात्र काळानें असा कांहीं फेर घेतला कीं, त्याच देशांत शनिवारीं रात्रीं सुटणाऱ्या शेवटच्या गाडींत दारू पिऊं द्यावी कीं नाहीं, हा रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढें आणि पोलिसांपुढें एक अवघड प्रश्न होऊन बसला.

हा प्रश्न कुकच्या प्रश्नाहून निराळा आहे, हें प्रथमच लक्षांत घेणें जरूर आहे. महाराष्ट्रांत 'बंदी' हा शब्द निघाला कीं १९४९ सालचा मुंबईचा दारूबंदी कायदा आठवतो. त्याचा रोख माणसास दारूपासूनच दूर ठेवण्याकडे होता. ब्रिटनमधील रेल्वेवरील बंदीचा रोख तसा नाहीं. घरीं, मद्यगृहांत वा मेजवानींत कोणीं किती प्यावें याविषयीं ती अवाक्षरहि काढीत नाहीं. अमुक जागीं आणि अमुक वेळीं हातांत बाटली नको, एवढेंच तिचें म्हणणें. तेव्हां दारू चांगली कीं वाईट, हा वाद येथें बाजूस ठेवावयास हरकत नाहीं. विचार करावयाचा तो एवढ्याचाच कीं, आगगाडीच्या डब्यांत असें काय आहे, कीं जें मद्यगृहांत चालतें तें तेथें चालूं नये?

ब्रिटनमध्यें आगगाडी आणि मद्य यांचें साहचर्य जुनें आहे. एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत जाण्याची सोय नव्हती त्या काळीं लांब पल्ल्याच्या गाड्या मोठ्या स्टेशनांवर खाण्यापिण्यासाठीं थांबत, आणि तेथील उपाहारगृहांत चहाबरोबर बिअर व व्हिस्कीहि मिळे. १८७९ सालीं लंडन व लीड्स यांच्या दरम्यान भोजनाचा डबा धावूं लागला. तेव्हांपासून चालत्या गाडींतलें जेवण आणि जेवणाबरोबरचें मद्य ही सुखाच्या प्रवासाची खूणच ठरली. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या कांहीं फलाटांवरसुद्धां एके काळीं मद्यगृहें होतीं. कायद्यालाहि या साहचर्यांत वावगें कांहीं दिसलें नाहीं. इंग्लंड आणि वेल्समध्यें मद्य विकावयाचें तर परवाना लागतो. परंतु २००३ सालच्या परवाना-कायद्यानें चालत्या आगगाडीला या बंधनांतून मोकळें ठेवलें. अशा देशांत गाडींत पिण्यास मनाई होते, तेव्हां तिच्यामागें तसेंच सबळ कारण असलें पाहिजे.

तें कारण समजण्यासाठीं तेथील शुक्रवारची आणि शनिवारची रात्र डोळ्यांपुढें आणावी लागते. आठवड्याचें काम संपलेलें असतें, दुसऱ्या दिवशीं लवकर उठावयाचें नसतें. आसपासच्या गांवांतून आणि उपनगरांतून तरुण मंडळी लंडन, ग्लासगो, कार्डिफ अशा शहरांत करमणुकीसाठीं येतात. त्यांतले बहुतेकजण आगगाडीनें येतात, याचें एक कारण चांगल्या कायद्यांतच आहे. १९६७ सालच्या कायद्यानें मोटार हांकणाराच्या रक्तांतील मद्याला मर्यादा घातली. शंभर मिलिलिटर रक्तांत ऐंशीं मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्य सांपडलें कीं तो गुन्हा झाला. स्कॉटलंडनें तर २०१४ च्या डिसेंबरांत ही मर्यादा पन्नास मिलिग्रॅमवर आणली. रस्त्यावरील अपघात टाळण्यास हें अवश्यच होतें. परंतु त्याचा एक परिणाम असा कीं, ज्याला प्यावयाचें आहे तो समंजसपणें मोटार घरीं ठेवतो आणि गाडीचें तिकीट काढतो. रस्ता सुरक्षित झाला. रस्त्यावरचें ओझें मात्र कांहीं अंशीं रुळांवर आलें. म्हणून दारू प्यालेल्या माणसास गाडींत घेऊंच नका असें सरसकट म्हणणें सोपें नाहीं. त्याला गाडींतून घालवून दिला आणि त्यानें मोटारीचें चाक हातीं घेतलें, तर नुकसान दुप्पट.

दुसरें कारण पैशाचें. मद्यगृहांतला पेला महाग आणि दुकानांतली बाटली त्या मानानें स्वस्त. तेव्हां शहरांत जाण्यापूर्वींच, किंबहुना शहराच्या वाटेवर, स्वस्तांतली बाटली संपवून घ्यावी, असा हिशेब पुष्कळजण करतात. गाडीचा तासभराचा प्रवास या हिशेबांत नेमका बसतो. बसावयास जागा, बोलावयास सोबती, आणि करावयास दुसरें कांहीं काम नाहीं! स्कॉटलंडनें २०१८ च्या मे महिन्यापासून मद्याच्या दर एककास पन्नास पेन्स असा किमान भाव ठरविला, आणि २०२४ च्या सप्टेंबरच्या अखेरीस तो पासष्ट पेन्सांवर नेला. तेथें दुकानांतून बाटली विकत घेण्याची वेळहि सकाळीं दहापासून रात्रीं दहापर्यंतच आहे. इंग्लंडांत असा किमान भाव ठरविण्यांत आलेला नाहीं. अर्थात् गाडींतील पिणें हा केवळ गाडीचा प्रश्न नसून दुकानांतील भावाचाहि आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

तिसरें कारण शरीराच्या धर्मांत आहे, आणि तें फारसें लक्षांत घेतलें जात नाहीं. प्यालेलें मद्य रक्तांत पुरतें मिसळावयास वेळ लागतो. पोट रिकामें कीं भरलेलें यावर तें अवलंबून असलें, तरी साधारणतः शेवटच्या घोटानंतर अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत रक्तांतील मद्याचें प्रमाण शिगेस पोंचतें. उलट तें नाहींसें करण्याचें यकृताचें काम संथपणें चालतें. सुमारें आठ ग्रॅम, म्हणजे ब्रिटिश मापानें एक एकक, निकालांत काढावयास त्याला जवळजवळ एक तास लागतो. याचा अर्थ असा कीं, मद्यगृह बंद होतांना घाईघाईनें शेवटचा पेला रिकामा करून जो माणूस धडपणें पायऱ्या उतरतो व धडपणें गाडींत चढतो, तो वाटेंत अधिक झिंगूं शकतो. फलाटावरील नोकरानें पाहिला तेव्हां तो ठीक होता, आणि तीन स्टेशनें गेल्यावर ठीक राहिला नाहीं, यांत नोकराची चूक नाहीं. त्यांत गाडींतल्या बाटलीची भर पडली, तर हा चढ किती उंच जाईल याचा नेम राहत नाहीं.

आतां डब्याचा विचार करूं. मद्यगृहाला दार असतें आणि दारापाशीं धनी असतो. कोणास पेला द्यावयाचा नाहीं हें तो ठरवितो; कोणी आवाज चढविला तर त्याला बाहेरची वाट दाखवितो; आणि ज्यास तेथलें वातावरण रुचत नाहीं तो आपण होऊन उठून जातो. डब्यांत यांपैकीं एकहि गोष्ट होत नाहीं. गाडी चालू असतां दार उघडत नाहीं. शंभर माणसें कोंडलेलीं असतात आणि त्यांच्यासाठीं एक गार्ड, कधीं तोहि नाहीं. मद्यगृहांत जो जातो तो तेथें काय चालतें हें जाणून जातो. शेवटच्या गाडींत जो बसतो त्याला घरीं जाण्यास दुसरा मार्ग नसतो. इस्पितळांतील पाळी संपवून निघालेली परिचारिका, उपाहारगृहांत भांडीं विसळून दमलेला नोकर, मुलांना घेऊन आजोळाहून परतणारी आई, एकटी प्रवास करणारी तरुण मुलगी, हीं सारीं त्याच डब्यांत असतात. ज्यानें बाटली आणली तो आपल्या खुषीनें आला. ज्याला तिचा उपद्रव होतो तो गरजेनें आला आहे. गाडींतील मद्यबंदीच्या पाठीशीं जें कांहीं नैतिक बळ आहे तें सगळें या एका भेदांत आहे.

ब्रिटिश कायद्यानें या दिशेनें पहिलें ठळक पाऊल टाकलें तें फुटबॉलच्या निमित्तानें. १९८० च्या मे महिन्यांत ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क मैदानावर सेल्टिक आणि रेंजर्स या संघांचा स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना झाला. सामना संपतांच दोन्ही बाजूंचे प्रेक्षक मैदानांत उतरले, आणि घोडेस्वार पोलिस आणून त्यांना पांगवावें लागलें. त्याच वर्षीं स्कॉटलंडसाठीं जो फौजदारी कायदा झाला त्यानें मैदानांतील मद्यावर व सामन्यास जाणाऱ्या ठराविक वाहनांतील मद्यावर बंधन घातलें. इंग्लंड व वेल्ससाठीं तसाच कायदा १९८५ सालीं आला. खेळाच्या दिवसापुरती, खेळाच्या प्रेक्षकांपुरती ही बंदी होती. परंतु मैदानाकडे जाणारी वाट हीहि मैदानाचाच भाग समजावी, हें तत्त्व तिनें रूढ केलें.

सर्वसाधारण प्रवासासाठीं उपयोगी पडतात ते रेल्वेचे पोटनियम. २००५ सालीं अमलांत आलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या पोटनियमांतील चौथ्या नियमाचे दोन भाग पाहण्यासारखे आहेत. पहिला भाग माणसाविषयीं आहे: मद्यामुळें जो रेल्वेच्या आवारांत राहण्यास अपात्र झाला असेल त्यानें तेथें शिरूं नये वा राहूं नये. दुसरा भाग बाटलीविषयीं आहे: एखाद्या गाडींत मद्यास मनाई असल्याची वाजवी सूचना दिली असेल, तर त्या गाडींत कोणींहि मद्य जवळ बाळगूं नये वा तें घेऊन चढूं नये. याशिवाय २००३ च्या परवाना-कायद्यानें आणखी एक उपाय ठेवला आहे. इन्स्पेक्टर वा त्यावरील दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यानें अर्ज केला आणि दंगा टाळण्यास तें आवश्यक आहे अशी मॅजिस्ट्रेटची खात्री पटली, तर ठराविक स्टेशनांवर किंवा ठराविक स्टेशनांच्या दरम्यान गाडींतली मद्यविक्री कांहीं काळ थांबवितां येते.

माणूस आणि बाटली हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. भारताच्या १८९० सालच्या रेल्वे कायद्यानें आणि त्याची जागा घेणाऱ्या १९८९ सालच्या कायद्याच्या १४५ व्या कलमानें नशेंत असलेला उतारू हाच गुन्हेगार धरला. त्याला गाडींतून उतरविण्याचा अधिकार रेल्वेच्या नोकरास दिला. नियम सरळ दिसतो. पण नशा म्हणजे नेमकी किती, हें ठरवावयाचें कोणीं? डोळे लाल झाले म्हणजे, कीं जीभ अडखळली म्हणजे? एक म्हणतो हा झिंगला आहे. तो म्हणतो मी आजारी आहे. आणि कधीं कधीं तो खरोखरच आजारी असतो. बाटलीविषयीं असा वाद होऊं शकत नाहीं. ती हातांत असते किंवा नसते. ब्रिटिश गार्डाच्या दृष्टीनें बाटलीबंदीचा मोठा लाभ हाच. 'तुम्ही फार प्यालांत' असें म्हणणें म्हणजे भांडणास आमंत्रण; 'या गाडींत हें चालत नाहीं' असें म्हणून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखविणें त्यापेक्षां पुष्कळ सोपें. पाटी कोणाची अब्रू घेत नाहीं.

बंदीचा सर्वांत गाजलेला प्रयोग लंडनमध्यें झाला. २००८ च्या मे महिन्यांत बोरिस जॉन्सन हे लंडनचे महापौर झाले आणि पहिल्या कांहीं दिवसांतच त्यांनीं जाहीर केलें कीं, १ जूनपासून भुयारी रेल्वेंत, बसमध्यें, ट्राममध्यें व डॉकलंड्सच्या रेल्वेंत कोणीं मद्य पिऊं नये वा उघडी बाटली बाळगूं नये. प्रवासाच्या अटींतच हा नियम घालण्यांत आला. ३१ मे हा शनिवार होता. शेवटची रात्र साजरी करण्यासाठीं हजारों लोक बाटल्या घेऊन सर्कल मार्गाच्या गाड्यांत घुसले. आरंभीं गाणीं होतीं, सोंगें होतीं; रात्र चढली तसा रंग पालटला. सहा स्टेशनें बंद करावीं लागलीं, रेल्वेच्या नोकरांवर हल्ले झाले, गाड्यांची मोडतोड झाली आणि सतरा जणांना अटक झाली. बंदीच्या विरोधकांनीं या रात्रीचा दोष नव्या नियमावर ठेवला. समर्थकांनीं तीच रात्र नियमाच्या समर्थनार्थ पुढें केली. नोकरांच्या संघानें मात्र तिसराच प्रश्न विचारला, आणि तोच खरा होता: नियम केला ठीक, पण रात्रीं साडेअकरा वाजतां दहा जणांच्या घोळक्यांतून बाटली काढून घेण्यास कोणीं जावयाचें?

जर्मनींत याच अनुभवाची पुनरावृत्ति झाली. हॅम्बुर्ग शहराच्या वाहतूक मंडळानें २०११ च्या सप्टेंबरपासून गाड्यांत व स्टेशनांत मद्यपानास मनाई केली आणि पुढच्या महिन्यापासून ती मोडणारास चाळीस युरो दंड ठेवला. म्यूनिकच्या उपनगरी रेल्वेची बंदी त्याच वर्षीं ११ डिसेंबरास सुरू झाली. आदल्या रात्रीं, म्हणजे शनिवारींच, तेथेंहि निरोपाचें मद्यपान झालें आणि अनेक डब्यांची नासधूस झाली. बिअरचें शहर म्हणून जें जगभर ओळखलें जातें त्या म्यूनिकनें ही बंदी घालावी, हें विशेष आहे. बिअर पिणें जेथें लाजिरवाणें समजत नाहींत, तेथेंहि डबा ही त्याची जागा नव्हे असें लोकांना वाटूं शकतें, हें यावरून दिसतें.

लंडनमध्यें पुढें घडलें तें अधिक बोधप्रद आहे. २०१६ च्या १९ ऑगस्टपासून तेथील भुयारी रेल्वे शुक्रवारीं व शनिवारीं रात्रभर चालूं लागली. प्रथम सेंट्रल व व्हिक्टोरिया या मार्गांवर, आणि त्याच वर्षाअखेरपर्यंत ज्युबिली, नॉर्दर्न व पिकॅडिली या मार्गांवरहि. २०२० च्या साथींत ही सेवा थांबली होती, ती पुढें टप्प्याटप्प्यानें पूर्ववत् झाली. ज्या रात्रीं शहर सर्वांत अधिक पितें, नेमक्या त्याच रात्रीं गाड्या पहांटेपर्यंत चालवावयाच्या, आणि त्या गाड्यांत मात्र पिऊं द्यावयाचें नाहीं, अशी ही व्यवस्था. वरवर पाहतां ही विसंगति वाटेल. वस्तुतः ती तशी नाहीं. शेवटची गाडी हीच पुष्कळ गर्दीचें व घाईचें मूळ असते. गाडी चुकली तर घरीं जातां येणार नाहीं या धास्तीनें सगळे एकाच वेळीं स्टेशनाकडे धावतात. गाड्या रात्रभर असल्या म्हणजे ही धाव विरळ होण्यास मदत होते. बंदी ही नुसती मनाई न राहतां सोयीच्या जोडीनें आली, म्हणून ती लोकांच्या अंगवळणीं पडण्यास वाव मिळाला.

स्कॉटलंडनें घड्याळाचा आधार घेतला. २०१२ च्या जुलै महिन्याच्या वीस तारखेपासून स्कॉटरेलच्या गाड्यांत रात्रीं नऊपासून सकाळीं दहापर्यंत मद्यपानास बंदी झाली. लंडनला जाणाऱ्या रात्रीच्या झोपेच्या गाडीला मात्र तींतून वगळण्यांत आलें. हेतु उघड होता. दुपारीं डोंगराळ मुलखांतून प्रवास करतांना जेवणाबरोबर पेलाभर मद्य घेणाऱ्या जोडप्याला त्रास नको, आणि रात्रीच्या गोंधळाला मात्र आळा बसावा. तथापि दंगा घड्याळ पाहून होत नाहीं. फुटबॉलचा सामना दुपारीं तीनला असला तर त्याची गाडी सकाळीं अकराची असते. पुढें २०२० च्या १६ नोव्हेंबरपासून, साथीच्या काळांतील खबरदारी म्हणून, स्कॉटरेलच्या सर्व गाड्यांत व स्टेशनांत सर्व वेळ बंदी लागू झाली. साथ ओसरल्यावरहि ती लगेच उठली नाहीं, आणि मग ती ठेवावी कीं शिथिल करावी यावर मोठा वाद झाला. साथीसाठीं घातलेला नियम शांततेसाठीं चालूं ठेवणें कितपत रास्त, हा त्या वादाचा गाभा होता. ज्या कारणासाठीं नियम केला तें कारण संपलें, तर नव्या कारणाची लोकांपुढें नव्यानें छाननी झाली पाहिजे, हें म्हणणें दुर्लक्षिण्यासारखें नाहीं.

बंदीवरचे इतर आक्षेपहि विचारार्ह आहेत. पहिला न्यायाचा. शंभरांतील नव्वद उतारू एखादा पेला घेऊन शांत बसत असतील, तर दहांच्या वर्तनासाठीं नव्वदांना शिक्षा कां? दुसरा समतेचा. एका गाडींत वरच्या वर्गाच्या उतारूस कांचेच्या पेल्यांतून मद्य दिलें जातें आणि दुसऱ्या गाडींत मजुराच्या हातचा बिअरचा डबा काढून घेतला जातो, हें कसें? या दोन्ही आक्षेपांना उत्तर एकच कीं, बंदी मार्ग, वेळ आणि प्रसंग पाहून असावी. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतील कांहीं मार्गांवर ती ठेवण्यांत आली, याचें कारण तेथील रात्रीच्या गाड्या आणि त्यांतील गर्दी. तोच नियम दिवसाच्या लांब पल्ल्याच्या गाडीला लावण्याचें कारण नाहीं. पण जेथें नियम आहे तेथें तो तिकिटाचा वर्ग पाहून बदलूं नये.

तिसरा आक्षेप परिणामाचा, आणि तो सर्वांत बळकट आहे. बाटली दारांतच थांबविली तरी पोटांतलें मद्य थांबवितां येत नाहीं. शनिवारीं रात्रीं घरीं परतणारा माणूस बहुधा पिऊन झालेला असतो. त्याच्या हातांत कांहींच नसतें आणि पाऊल मात्र डळमळत असतें. हा माणूस दुसऱ्यास जितका उपद्रवकारक, तितकाच स्वतःच्या जीवास धोकादायक असतो. फलाटाची कड, गाडी व फलाट यांमधली फट, आणि लंडनच्या भुयारी मार्गांत तर रुळांलगतच सहाशेंहून अधिक व्होल्टांचा प्रवाह वाहणारे जादा रूळ! त्याला गाडींत घेतलें नाहीं तर तो मध्यरात्रीं फलाटावर राहतो. वाटेंत उतरविला तर एखाद्या ओसाड स्टेशनावर, कडाक्याच्या थंडींत, एकटाच राहतो. गार्डापुढचा खरा पेंच हा आहे. डब्यांतील शंभर जणांची शांतता एका पारड्यांत आणि एका बेशुद्धप्राय माणसाचा जीव दुसऱ्या पारड्यांत. बाटलीविषयींची पाटी येथें उपयोगी पडत नाहीं.

या प्रश्नाकडे जपाननें निराळ्या वाटेनें पाहिलें. तेथें लांब पल्ल्याच्या गाडींत मद्य पिणें हा रोजचा प्रकार आहे. पश्चिम जपान रेल्वेनें मद्य प्यालेल्या उतारूंच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां एक अनपेक्षित गोष्ट आढळली. कडेनें झोकांड्या खात चालतांना पडणारे थोडे. बांकावर बसलेला माणूस एकाएकीं उठतो, नाकासमोर चालूं लागतो आणि सरळ रुळांवर जातो, असे प्रसंग अधिक. कारण बांकांचीं तोंडें रुळांकडे होतीं. तेव्हां रेल्वेनें बांक फिरविले. २०१५ सालीं ओसाकाच्या शिन-ओसाका स्टेशनावर ते रुळांशीं काटकोनांत बसविण्यांत आले, म्हणजे उठून सरळ चालणारा माणूस फलाटाच्या लांबीनें चालेल. यांत उपदेश नाहीं, दंड नाहीं, पोलिस नाहीं. प्यालेला माणूस कसा वागतो हें नीट पाहिलें आणि त्याप्रमाणें लांकूड-लोखंड हलविलें, इतकेंच. बाटलीवरील बंदी ज्या माणसापर्यंत पोंचत नाहीं, त्याच्यापर्यंत असा बांक पोंचतो.

या सर्व अनुभवांतून एक निष्कर्ष निघतो. गाडींतील मद्यबंदी हें एकटें पुरें पडणारें साधन नाहीं. पण इतर साधनांच्या जोडीनें तें उपयोगी आहे. नियमाची सूचना गाडींत बसल्यावर नव्हे, तर तिकीट घेतांना व स्टेशनाच्या दारापाशीं मिळाली पाहिजे, म्हणजे बाटली तेथेंच टाकतां येते आणि डब्यांत वाद होत नाहीं. रात्रीच्या गाडींत गणवेशांतला माणूस दिसला पाहिजे. कित्येक वेळां त्याचें दिसणें हेंच पुरेसें होतें. एकट्या गार्डावर जबरदस्तीचा भार टाकूं नये. ब्रिटनमध्यें रेल्वेसाठीं स्वतंत्र पोलिसदल आहे, आणि २०१३ पासून उतारूला आवाज न करतां मोबाइलवरून संदेश पाठवून त्याची मदत मागतां येते. ज्याला गाडींत घेतां येत नाहीं त्याला बसावयास उबदार जागा, प्यावयास पाणी आणि घरीं पोंचण्याची कांहीं तरी वाट ठेवली पाहिजे. नियम मोडणारास शिक्षा होवो. पण फलाटाच्या कडेवर सोडून देणें ही शिक्षा कोणत्याच कायद्यांत नाहीं.

टॉमस कुकनें १८४१ सालीं पांचशें माणसें गाडींत बसविलीं तीं सर्व एका मताचीं होतीं. त्याचें काम त्यामुळें सोपें होतें. शनिवारच्या शेवटच्या गाडींत पिणारा आणि न पिणारा, थकलेला आणि उल्हासलेला, घाबरलेला आणि बेफिकीर, असे सगळे एकाच बांकावर बसतात, आणि त्या सर्वांना घरीं पोंचविणें हें रेल्वेचें कर्तव्य असतें. तेव्हां बंदी यशस्वी झाली कीं नाहीं, हें किती बाटल्या जप्त झाल्या किंवा किती दंड वसूल झाला यावरून ठरत नाहीं. पाळी संपवून मध्यरात्रीं स्टेशनांत आलेली परिचारिका, डब्यांत कोण बसलें आहे हें खिडकींतून डोकावून न पाहतां, समोर आलेल्या पहिल्या दारानें आंत चढते कीं नाहीं, यावरून तें ठरतें.